आईच्या जिभेवरची बेटं

ती. मामास,

नमस्कार करण्याआधी एक दुरुस्ती करते, नाहीतर हात जोडताना मन लागायचं नाही. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की आईच्या जिभेचा आजार माझ्या उपचारांनी बरा झाला. तो बरा झालेला नाही, कारण तो आजारच नव्हता. आता साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? शिडीवर चढून पाट्या रंगवू नकोस असं डॉक्टरांनी बजावलंय, ते तू ऐकत नसशीलच. (मी डॉक्टर होणार ती दातांची, तेव्हा गुडघ्याबद्दल माझं ऐकू नकोस, पण शिडी नको.)

आई सुईत दोरा ओवताना टोक जिभेवर ओलं करते ना, तेव्हा मला ते दिसले होते: लाल, गुळगुळीत डाग, भोवती पांढरी किनार, थेट नकाशातली बेटं. आम्ही वर्गात अजून दातांतच अडकलोय, जिभेपर्यंत पोचलेलो नाही; तरी मी तिचं तिखट, आंबट, गरम सगळं बंद केलं. बिचारी आठवडाभर कोमट आणि बेचव खात राहिली आणि राग शिलाई मशीनवर काढत राहिली. (त्या आठवड्यात शिवलेले सगळे कपडे गिऱ्हाइकांना घट्ट झाले.) उजवीकडचे डाग नाहीसे झाले तशी मी तुला ते विजयाचं पत्र टाकलं आणि आधीचे-नंतरचे फोटो कॉलेजातल्या आमच्या गाईड मॅडमना नेऊन दाखवले. मॅडमनी फोटो पाहिले, माझ्याकडे पाहिलं आणि चष्मा काढून हसत सुटल्या. डाग गेले नव्हते, डावीकडे राहायला गेले होते! अशी जीभ पुष्कळांची असते म्हणे. डाग फिरत राहतात, फार तर तिखटाने चुरचुरतं, औषध काही लागत नाही. ‘धडधाकट बाईला बरं केलंस गं तू,’ असं म्हणून त्यांनी हाच विषय मला शोधनिबंधाच्या पेपरसाठी दिला. आईच्या जिभेचे फोटो काढत राहायचं, आणि घरात आणखी कुणाची जीभ तशी आहे का ते पाहायचं, कारण हे बरेचदा घराण्यात चालतं.

मग काय, मी टॉर्च घेऊन मागे आणि माणसं पुढे. बाबांची जीभ अगदी कोरी निघाली, तर ते इतके हिरमुसले की जेवता जेवता उठून पुन्हा आरशात जीभ बघून आले. गिऱ्हाइकं माप द्यायला आली की हात वर, खांदे सरळ आणि जीभ बाहेर. शेजारच्या मास्तरीणबाई तर नुसती जीभ दाखवायला आल्या आणि भिडेखातर उशीचा अभ्रा शिवायला टाकून गेल्या. माझ्या जिभेच्या कडेला एक लहानसं बेट सापडलं, तेव्हा मी आनंदाने उडी मारली आणि लगेच घाबरले (सवयीने).

आई तेव्हा तोंडात टाचण्या धरून अस्तर लावत होती. टाचण्यांमधूनच म्हणाली, ‘त्याचीही अश्शीच आहे.’ कुणाची, म्हटलं. ‘कुणाची म्हणजे? तुझ्या मामाची. लहानपणी दाराआडून वेडावून दाखवायचा ना मेला, रोज बघायचे मी.’

मामा, तू तिच्या दुकानाची पाटी रंगवलीस, पाटीवरच्या बाईला आईचा चेहरा आणि शिवाय एक जास्तीची हनुवटी दिलीस, ती ‘पुसून टाक’ म्हणाली आणि तू ‘आरशात बघ’ म्हणालास, तेव्हापासून तिच्या तोंडून ‘मामा’ हा शब्द मी ऐकला नव्हता. मी धीर करून म्हटलं, पेपरला ती जीभ लागेल. तिने तोंडातल्या टाचण्या काढून अस्तरात खोचल्या. ‘अभ्यासाला लागत असेल तर बोलाव बाई. मी कशाला तुझ्या अभ्यासाच्या आड येऊ?’ आणि जरा वेळाने, माझ्याकडे न बघता, ‘गळ्याचं माप तेच आहे, का सुटलाय?’ (मी तेच आहे म्हटलं. चूक असेल तर कळव, शर्टाचं कापड अजून कापलेलं नाही.)

तेव्हा जीभ घेऊन ये.

तुझी भाची

ता. क. : पाटीचा विषय तू काढू नकोस. ती अजून दारावरच आहे. आई रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसते, आधी चेहरा, मग दोन्ही हनुवट्या.

आणखी एक ता. क. : येताना रंगीत गोळ्या चघळू नकोस. तुझ्या जिभेवर काही नसलं तरी हरकत नाही. मी टॉर्च मारून ‘वा!’ म्हणेन.

शेवटचा ता. क. : मॅडमनी कालच सांगितलं की आई आणि मुलगी, एवढ्या दोन जिभा पेपरला पुष्कळ झाल्या, मामाची गरज नाही. हे मी आईला सांगितलेलं नाही. चूक दुरुस्त केल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही, हे तू जाणतोस. तरी ही एक मी मुद्दाम ठेवून दिली आहे. तू आमच्याकडे जेवायला बसलास, आईने आग्रह करून दुसऱ्यांदा वाढलं, की तिथेच, सगळ्यांसमोर, मी ती दुरुस्त करणार आहे. रविवारी, सात तारखेला.