वहीत काही नव्हतं

हिमायतनगर, हैदराबाद
२२ जुलै १९९७

प्रिय हेमंत,

अक्षर मुद्दाम सुटं काढलंय. माझं जोडून लिहिलेलं तुला लागत नाही, हे आता चारचौघांना ठाऊक झालंय. तीस वर्षं लोकांच्या पोरांना मराठी शिकवलं आणि तुला मात्र इंग्रजी शाळेत घातलं, तेव्हा थोडी चूक माझ्याही पदरात. पण हे पत्र तू स्वतः वाच. वेळ लागला तर लागू दे.

तू आणि सूनबाई, रश्मी, सिकंदराबादच्या नव्या फ्लॅटवर गेल्यापासून इथे सामसूम आहे. रविवारी तू मला कायमचं तिकडे न्यायला येणार, म्हणून परवा शेजारच्या मालनबाई भेटायला आल्या. उठता उठता म्हणाल्या, अजून दोघांचा चहा टाकता म्हणे, इतकं जिवाला लावून घेऊ नका. मी गारच पडले. हे मी एका वहीशिवाय कुठे बोलले नव्हते.

फोनवर विचारलं तर तू अगदी सहज सांगितलंस. आई हल्ली गप्प असते, सारखं काहीतरी लिहिते, रश्मीबद्दल तर नसेल, असं तुला वाटलं. वाचता येईना, म्हणून मी घरी नसताना तुझ्याकडच्या किल्लीने दार उघडून वही मराठी मंडळात नेलीस आणि एकनाथरावांकडून वाचून घेतलीस. तिथे आणखी चार माणसं बसली होती, मालनबाईंचे यजमानही त्यांत. वर हसून म्हणालास, "त्यात कुछ बी नै था, आई." जसं काही मला चांगल्या वागणुकीचं प्रमाणपत्रच दिलंस.

खरंच काही नव्हतं. तुझे बाबा गेल्यापासून रोज त्यांना चार ओळी लिहायचे. गुडघा दुखतो, डाळीत चिंच जास्त पडली, चुकून आजही दोन कप मांडले. रश्मीबद्दल वाकडा शब्द नाही. लपवावं असं एक अक्षर नव्हतं, पण ते आमच्या दोघांचं होतं. एकनाथरावांचा आवाज भाषणाचा. "अहो, ऐकताय ना" हेही त्यांनी तसंच वाचलं असेल. मला लाज वाटते आणि तुझा संताप येतो. काही वाईट सापडलं असतं तर निदान तू ओशाळला असतास. सापडलं नाही, म्हणून तुला वाटतं काही झालंच नाही.

आता वही उघडते आणि मिटते. लिहायला बसलं की मंडळातली ती माणसं कान देऊन बसल्यासारखी वाटतात. तुझे बाबा मला दुसऱ्यांदा गेले, हेमंत, आणि या वेळी तू नेलेस.

म्हणून कळवते, रविवारी ऑटो आणू नकोस. मी तिकडे राहायला येणार नाही. इथेच राहीन, पुन्हा लिहिणं जमतं का बघेन. तू ये, रश्मीलाही आण, जेवूनच जा. फक्त तुझ्याकडच्या किल्लीने कुलूप उघडू नकोस. बेल वाजव आणि मी दार उघडेपर्यंत बाहेर थांब. तेवढ्या वेळात मी आत काही लपवत नसेन.

तुझीच,
आई