गुहेकडे तोंड

प्रिय पेतुल,

तुझी खुशाली विचारत नाही, कारण मी चिडलेली आहे. माझी शाळा दुसरीत सुटली, तेव्हा अक्षर लावून लावून वाच.

आपला दगडी जग्वार गुहेच्या तोंडाशी बसलाय तो आज्याच्या आज्यापासून. गावाकडे पाठ, गुहेकडे तोंड. असं का, ते आईने मक्याची कणसं सोलता सोलता तुला सांगितलं होतं. माणूस जन्मला की त्याच्याबरोबर एक जनावर जन्मतं, आणि ते डोंगराच्या पोटातल्या कोंडवाड्यात राहतं. ते बाहेर भटकलं की इकडे माणूस अंथरूण धरतो. जग्वार त्या दाराचा राखणदार. आता राखणदाराने जनावरांकडे बघायचं, का तुझ्या मोबाईलकडे?

सणाला आलास ते शहरातले दोस्त घेऊन. "लोशाताई, एवढा देखणा देव, लोकांना काय त्याचं ढुंगण दाखवायचं?" म्हणालास. धुपाची काजळी घासून काढलीस, सगळ्यांनी मिळून त्याचं तोंड गावाकडे केलंत, बुडाशी सिमेंट ओतलंत. गावही तुझी दारू पिऊन टाळ्या वाजवत होतं, त्यात माझा नवरा रोमिन पुढे. तू हे प्रेमाने केलंस, तेच डोक्यात जातं. परक्याने केलं असतं तर दगड मारून हाकलला असता.

मग घरोघरी आजारपण. रोमिन तापाने फणफणला. पडल्या पडल्या मला म्हणतो, "तुझ्या भावाला विचार, माझं जनावर त्याच्या गाडीच्या डिकीत तर नाही ना?" मरायला टेकला तरी याची थट्टा संपत नाही. नाडी बघणारी पाश्कू म्हातारी म्हणाली, ज्याने फिरवला त्यानेच परत फिरवायचा, दुसऱ्याने हात लावला तर त्याच्यावर येतं. तुला निरोपावर निरोप धाडले. तुझं उत्तर काय, तर "ताई, साथ आलीय, गोळ्या घ्या."

परवा तुझ्या बायकोचा फोन आला. रडत होती. तू अन्न टाकलंयस, डॉक्टरांना काही सापडत नाही, आणि वर तिला बजावलंस, ताईला कळवू नकोस. का रे? ताई मेली का?

काल मी पहार घेतली आणि सिमेंट फोडलं. पाश्कू ओरडत होती, "लोशा, तुझ्यावर येईल गं." येऊ दे. रोमिन काठी टेकत आला, त्याचे भाऊ आले, सगळ्यांनी दगडाला खांदा लावला. पण मी पुरता फिरवू दिला नाही. अर्धाच फिरवलाय. एक डोळा गुहेवर, एक वाटेवर. तुझं जनावर अजून बाहेर आहे, आत्ताच दार लावलं तर ते शिरणार कुठून? तेव्हा ये. उचलून आणावं लागलं तरी ये. उरलेला अर्धा आपण दोघं ढकलू, मग तुला काय ते बोलते.

तुझीच,
लोशाताई