दीडशे ग्रॅम भात

कुशिरो, २० जानेवारी

प्रिय बाबा,

अकितात बर्फ फार पडल्याचं ऐकलं. बर्फ काढायला छपरावर स्वतः चढत नाही ना? मी बरी आहे. कारखान्यातल्या वजनकाट्यांची वार्षिक तपासणी चालू आहे, म्हणून दमते, एवढंच.

काल फोनवर तुम्ही कुरकुरलात, "साखर उतरत नाही, आता इन्सुलिन देणार म्हणे! अगं, डॉक्टरांनी सांगितलेला दीडशे ग्रॅम भात मी दर जेवणाला मोजून खातो. पोट फुटायची वेळ येते, तरी एक शीत टाकत नाही."

बाबा, दीडशे ग्रॅम भाताने पोट फुटायची वेळ येत नाही; तुम्ही तांदूळ मोजताय. भाताच्या कुकरसोबत येणारा मापाचा कप काठोकाठ भरला की दीडशे ग्रॅम तांदूळ होतात, पण त्यांचा भात जवळजवळ साडेतीनशे ग्रॅम होतो. डॉक्टर शिजलेल्या भाताबद्दल बोलत होते. एका कपात तुमची दोन जेवणं होतात. भात काट्यावर ठेवून वाढून घ्या, उरलेला गोठवा. आणि इंजेक्शन सुरू होण्याआधी हे डॉक्टरांना सांगा. लाजू नका.

आई गेल्यापासून दर रविवारी मी तुम्हाला "जेवलात का?" विचारते. किती जेवलात, हे एकदाही विचारलं नाही.

जपून राहा.

तुमची,
चिनात्सु