डोंगराच्या चित्रातली कोरी जागा

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट, व्यवसाय संगणकावर चित्रं काढणे, राहणार डोंगराच्या पायथ्याचं शेवटचं घर, पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहून ठेवते की :

१. माझा टॅबलेट आणि त्याचा पेन भाचीला द्यावा. तिचा हात जड आहे, पण झाडासमोर ती तासभर गप्प बसू शकते, आणि निम्मं काम तेच असतं. एक पद्धत मात्र तिने पाळावी. मी ज्याचं चित्र काढते त्याला आधी विचारते, आणि चित्रात अंगठ्याएवढी जागा कोरी सोडते. झाड आपलं रूप आपल्याला देतं. आपण सगळंच घेतलं तर त्याच्यापाशी काय उरणार?

२. छापखानेवाल्याला माझं एकही चित्र देऊ नये. फाटकाजवळच्या झाडाच्या चित्रातली कोरी जागा त्याने दिनदर्शिकेसाठी मला न विचारता भरून टाकली. पंधरवड्यात झाड उभं वाळलं. जावई म्हणाले, "सासूबाई, कीड लागली असेल." असेलही. मी त्या माणसाला माफ केलेलं नाही आणि पुढे करण्याचाही विचार नाही.

३. घर. मी इस्पितळात असताना लेकीने माझ्या वाढदिवसासाठी म्हणून घरामागच्या डोंगराचं चित्र पुरं केलं. नऊ वर्षं मी ते काढत होते. "आई, एवढंसंच राहिलं होतं गं. बघ, रंग कसा जुळवलाय." रंग खरंच जुळला होता. नंतर मी तेवढा भाग खोडला, पण झाडाच्या वेळीही तसं करून पाहिलं होतं. उपयोग होत नाही.

तेव्हापासून वरचा झरा आटला आहे. मागच्या भिंतीला बोटभर भेग गेली आहे, मागचं दार लागत नाही, आणि चिमण्या वळचणीतली घरटी सोडून गेल्या. पाहायला आलेला इंजिनिअर म्हणाला, "घर जुनं झालंय, आजी." मी त्याला चहा दिला आणि वाटेला लावलं.

म्हणून हे घर मी लेकीला देत नाही. कुणालाच देत नाही. माझ्यामागे इथे कुणी एक रात्रही राहू नये. पोरी, तुला राग येईल, येऊ दे. आईने डावललं असं लोक म्हणतील, तेही म्हणू देत. माझा सगळा जीव तुझ्यात आहे.

४. मला हे घर सोडता येत नाही. डोंगर जाब विचारायला येईल तेव्हा मी घरी सापडले पाहिजे, नाहीतर ज्या हाताने ती जागा भरली त्या हाताला तो शोधत जाईल. लेकीला महिनाभर विनवते आहे की तू तरी जा. ती म्हणते, "तू आहेस तोवर मी इथून हलायची नाही." हट्ट माझाच उचलला आहे, बोलणार कुणाला?

माझं स्वतःचं एक चित्र आहे. त्यात हनुवटीखाली जागा कोरी होती. आज सकाळी मागच्या दारात बसून मी डोंगराला विचारलं, आणि ती भरली. त्याने मला घ्यावं आणि लेकीला जाऊ द्यावं, एवढीच माझी शेवटची इच्छा आहे.

ठिकाण : राहतं घर, पुढची खोली
दिनांक : १४ सप्टेंबर
सही

साक्षीदार पहिले, शेजारचे शिंपी : ताईंनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार दुसरे, घरचे डॉक्टर : आजच तपासलं. पूर्ण शुद्धीत आहेत. नाडी, रक्तदाब उत्तम. अजून वीस वर्षं काळजीचं कारण नाही.