दांडा ‘गार’कडे, हवा गरम

मी खाली सही करणारा, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा मोटारदुरुस्ती, गल्लीत ‘फोरमन’ म्हणून ओळखला जाणारा (हाताखाली कधी कोणी टिकले नाही, नाव मात्र टिकले), असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, हात थरथरत नाहीत आणि हा मजकूर कोणी मला दटावून लिहून घेतलेला नाही. मला दटावू शकणारी एकच व्यक्ती होती, माझी पत्नी. तिला जाऊन दहा वर्षे झाली. गेल्या वर्षी केलेले माझे मृत्युपत्र या लिखाणाने रद्द होत आहे. त्यात गाडीविषयी जे लिहिले होते ते मला शोभणारे नव्हते.

कलम १. राहते घर, वरचा मजला आणि गच्ची धरून, माझ्या मुलास द्यावे. तो शाळेत भूगोल शिकवतो आणि त्याला स्वतःच्या स्कूटरचा प्लग कुठे असतो ते माहीत नाही, पण आईच्या आजारपणात तीन महिने तो तिच्या उशाशी बसून होता. मी गॅरेजात होतो. घर त्याचेच. बँकेतील ठेव भाऊबहिणीने सारखी वाटून घ्यावी आणि त्यावरून एकमेकांशी अबोला धरू नये. अबोला कसा धरावा हे या घरात मी एकट्याने पुरेसे दाखवले आहे.

कलम २. ज्या पातेल्यात मी थर्मोस्टॅट (पाणी तापले की उघडणारी इंजिनाची झडप) उघडतो का ते उकळून पाहत असे ते पातेले माझ्या मेहुण्यास द्यावे. त्याचे बॅटरीचे दुकान आहे आणि तोंड त्याहून मोठे आहे. माझ्या गाडीचा हीटर थंड हवा फेकू लागला तेव्हा त्याने चार गिऱ्हाइकांसमोर विचारले होते, “काय दाजी, हीटर काढून कूलर बसवलात का?” ते पातेले मुळात दुधाचे. त्यात मी पहिला थर्मोस्टॅट उकळला त्या दिवशी हिने ते घरातून गॅरेजात आणून आपटले आणि म्हणाली, “अहो, आता ह्यातच चहा करून घ्या.” मेहुण्याने त्यात खुशाल चहा करावा.

कलम ३. आता गाडी. माझ्या वयाहून सोळा वर्षांनी लहान, निळी, चार दारांची. भंगारातून आणली तेव्हा तिला इंजिन नव्हते आणि एका दाराला बिजागरी नव्हती. आज तिचा प्रत्येक खिळा मी ओळखतो. बावन्न वर्षांत माझ्याकडून गेलेली एकही गाडी त्याच बिघाडासाठी परत आली नाही, हे मी इथे सहीनिशी लिहितो. कोणाला शंका असेल तर तसे गिऱ्हाईक शोधून आणावे.

फक्त माझीच गाडी सात हिवाळे गार हवा देत राहिली.

वाचणाऱ्यास समजावे म्हणून सांगतो. इंजिन तापले की त्यातले गरम पाणी एका कॉकमधून हीटरच्या जाळीत येते, पंखा त्या जाळीवरून हवा फुंकतो, हवा गरम होते. डॅशबोर्डवरचा दांडा सरकवला की तार ओढली जाऊन कॉक उघडतो. एवढेच आहे. मी पाणी तपासले, भरपूर. पाइपात अडकलेली हवा काढली. थर्मोस्टॅट नवा घातला. जाळी तीनदा धुतली. कॉक सोडवून टेबलावर उघडून-मिटून पाहिला, लोण्यासारखा. प्रत्येक वस्तू सुटी पाहिली तर निर्दोष, आणि सगळे जोडून दांडा ‘गरम’कडे नेला की तोंडावर गार वारा. कॉकच्या एका बाजूचा पाइप पोळायचा, दुसरा गार. सात हिवाळे मी मफलर बांधून गाडी चालवली आणि कोणी विचारले तर म्हणायचो, मला उकडते.

माझी मुलगी गाड्यांच्या गाद्या शिवते. हात सफाईचा आहे, माझ्यावर गेला आहे. दोन वर्षांपूर्वी पुढच्या सीटचे कव्हर बेतायला ती आली. मी बॉनेटखाली होतो, इंजिन चालू होते. ती मापे घेण्यासाठी डावीकडच्या, म्हणजे तिच्या आईच्या जागेवर बसली आणि लहानपणापासून पाहिले होते तसा तो दांडा सहज आपल्याकडे ओढला. आपल्याकडे म्हणजे ‘गार’कडे.

“बाबा, इकडे या. गरम येतंय!”

“दांडा कुठे आहे?”

“गारवर. पण आई असाच ओढायची ना?”

त्यावर मी काय बोललो ते लिहायलाच हवे, कारण दोन गिऱ्हाइकांनी ते ऐकले आहे. मी म्हणालो, “सुईदोरा घेऊन इंजिनाच्या गोष्टी मला सांगू नकोस.” तिने टेप गुंडाळला आणि निघून गेली.

ती गेल्यावर मी कॉक पाहिला. त्याच्या पट्टीला दोन भोके असतात, तार वरच्या भोकात असते. माझी खालच्या भोकात होती, आणि खाली घातली की दांडा उलटा चालतो. तेव्हा आठवले. लग्नानंतरच्या दुसऱ्या थंडीत ही म्हणाली होती, “अहो, ऊब माझ्या बाजूला हवी. दांडा माझ्याकडे ओढला की गरम, एवढं करून द्या.” मी पाच मिनिटांत तार खालच्या भोकात टाकली होती. हिने दांड्याच्या डाव्या टोकाला लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला होता, आणि पुढे दांड्याला हात तिचाच लागायचा, माझा नाही. ही वारली त्याच्या पुढच्या वर्षी मी डॅशबोर्ड रंगवायला काढला, थिनरने तो ठिपका पुसला आणि कंपनीची ‘गार-गरम’ची पट्टी लावली. मीच पुसला. नंतर सात वेळा कॉक काढला आणि सातही वेळा तार खालच्याच भोकात बसवली, कारण माझा नियम आहे, जसे निघाले तसेच बसवायचे. या नियमाचा मला फार अभिमान आहे. अजूनही आहे.

कलम ४. जुन्या मोटारींच्या मेळाव्यात ‘सर्व भाग चालू’ म्हणून मिळालेली ढाल. ती माझी नाही. मेळाव्याच्या आदल्या दिवशी मी तार वरच्या भोकात घातली, परीक्षकाने दांडा ‘गरम’कडे नेला, हात धरला आणि मान डोलावली. मी माइकवर म्हणालो, “दोष बारीक होता, चिकाटीने मी शोधून काढला.” मुलगी आधीचे सगळे गिळून माझ्याबरोबर आली होती, समोर उभी होती, तिने टाळ्याही वाजवल्या. परत येताना थंडी होती. तिने दांडा आपल्याकडे ओढला आणि तिच्या अंगावर गार हवा आली. तिने माझ्याकडे पाहिले.

“बाबा, आईचं काढलंत?”

मी गिअर बदलला. त्या दिवसापासून ती दर रविवारी घरी येते, मला औषधे विचारते, माझ्या शर्टाची बटणे शिवते, आणि गॅरेजचा उंबरा ओलांडत नाही. मी त्या रागात गाडी मेळावा भरवणाऱ्या मंडळास लिहून दिली होती. ते रद्द.

म्हणून लिहून ठेवतो की हीटरचा दोष माझ्या मुलीने शोधला. बावन्न वर्षांच्या फोरमनला जे सात वर्षांत जमले नाही ते तिने आईच्या जागेवर बसून एका हाताने केले. मला तिचा अभिमान वाटतो. हे तोंडाने सांगायचे होते, तोंड मेहुण्याइतके चालत नाही. ढाल तिची. त्यावरचे माझे नाव घासून काढावे, थिनर उजवीकडच्या कपाटात आहे.

कलम ५. गाडी, गॅरेज, सर्व पाने, जॅक, खड्ड्यावरच्या फळ्या आणि पाटी मुलीस द्यावी. पाटीवर तिने काय लिहावे ते तिचे ती ठरवेल. अट एकच. तार आज सकाळी मी पुन्हा खालच्या भोकात घातली आहे. कोणी कितीही शहाणा मिस्त्री आला, कंपनीचे पुस्तक दाखवू लागला, तरी ती हलवू देऊ नये. डाव्या टोकाला लाल ठिपका मी लावला आहे. नेलपॉलिश सूनबाईकडून मागून आणली. का हवी ते तिने विचारले नाही, याबद्दल तिला माझे चांगले घड्याळ द्यावे.

सही: फोरमन
स्थळ: गॅरेज, निळ्या गाडीची पुढची सीट
दिनांक: ९ डिसेंबर

साक्षीदार: वरील मजकूर लिहिणाऱ्याने आम्हा दोघांस वाचून दाखवला व आमच्यासमोर सही केली. इंजिन चालू होते. दांडा ‘गार’कडे असताना येणारी हवा गरम आहे, हे आम्ही हात धरून पाहिले.

१. सही: समोरच्या दवाखान्याचे डॉक्टर. (मनःस्थिती उत्तम. नाडी थोडी जलद.)

२. सही: शेजारचा टायरवाला. (दांडा उलटा लागला आहे, असे मी फोरमनना सांगितले. ते म्हणाले, “उलटा नाही रे, हिच्या बाजूचा आहे.”)