निगारबालेच्या टाचेतला काटा

तेल्हारा,
१९ नोव्हेंबर २००६

आदरणीय वच्छलामावशीस,

तुझा भाचा पिंटू (कागदोपत्री धम्मपाल, पण कागद सोडले तर त्या नावानं मला कोणी हाक मारत नाही) याचा सविनय जय भीम. मावसाजींनाही सांगणे. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरनं दिलेला पट्टा लावत जा, तो कपाटात ठेवून गुडघा बरा होत नसतो, असा आईचा निरोप आहे. आईची तब्येत उत्तम. इतकी उत्तम, की गेल्या दोन महिन्यांत ती एका ग्रंथकारावर, वाचनालयाच्या अध्यक्षांवर आणि माझ्यावर रागावली आणि तिन्ही वेळा तीच बरोबर निघाली. पत्राचं कारण हेच आहे. तेव्हा चहा घेऊन बस, कारण मला थोडक्यात सांगता येत नाही हे तू जाणतेसच.

मी इथल्या वाचनालयात ग्रंथपाल आहे, हे तुझ्या नागपूरच्या शेजारणींना तू सांगत असशीलच. (नसशील तर सांग.) आमच्याकडे संदर्भ विभाग आहे. विभाग म्हणजे एक लोखंडी कपाट, आत एकोणचाळीस पुस्तकं आणि वर मी स्वतः रंगवलेली पाटी : 'संदर्भग्रंथ. घरी नेण्यास सक्त मनाई.' आजवर कोणी घरी नेऊ का म्हणून विचारलेलं नाही, पण मनाई तयार असलेली बरी. लोक येतात ते पेपर वाचायला. सकाळी दार उघडायच्या आधीच आठदहा शेतकरी पायरीवर बसलेले असतात. पेपर हातात आला की कापसाचा भाव नंतर, आधी आतलं पान उघडतात. आज कोणत्या गावचं नाव आहे ते पाहतात, आणि आपलं नसलं की हळूच घडी घालतात. असे दिवस आहेत, मावशी.

तर सप्टेंबरात वाचनालयाची सभा झाली. आमचे अध्यक्ष खुशालराव, म्हणजे तुमच्या माहेरच्या, खारबर्डीच्या पाटलांचे पुतणे, म्हणाले की हे कपाट काढा आणि तिथं भरतीच्या परीक्षांची गाईडं ठेवा. मी कपाटाची बाजू घेतली. त्यांनी आत हात घातला आणि नेमकं जे पुस्तक वर काढलं ते 'निगारबाला : कारकीर्द-कोश', पृष्ठं चारशे बारा. संकलक अब्दुल रहीम, अमरावती. ते सभेपुढे धरून खुशालराव शांतपणे म्हणाले, "लोक मरून राहिले पिंटू, अन् तू नटीचं पुस्तक सांभाळून राहिला." मावशी, मला जे उत्तर सुचलं ते सभेत देण्यासारखं नव्हतं. मी नुसता त्यांच्या हातातून पुस्तक घेतलं आणि पुसलं.

पण निगारबाला हे नाव म्हणजे आपल्या घरातलं नाव. जुन्या हिंदी सिनेमाची ही एवढी मोठी नटी खारबर्डीच्या कोरड्या नदीत शूटिंगला आली होती आणि आईच्या हातचं पाणी प्याली होती, ही हकिगत मी पाळण्यात असल्यापासून ऐकतो आहे. पुस्तक वाचनालयात येऊन सहा वर्षं झाली. मी त्यावर शिक्का मारला, दाखल क्रमांक टाकला आणि ग्रंथपाल असल्यामुळे ते उघडलं मात्र नव्हतं. आता मला वाटलं, हेच उत्तर. दुसऱ्या दिवशी पेपरवाले सगळे बसलेले असताना, खुशालरावांना मुद्दाम बोलावून, मी उभा राहिलो आणि खणखणीत आवाजात वाचायला लागलो : चित्रपट 'रेत का काजल', इतकी गाणी, अमुक छायालेखक, नायिकेच्या साड्या किती आणि कोणत्या रंगाच्या. रंग वाचून झाले तेव्हा लोक खुशीत होते. पुढची ओळ मी आधी पाहून घ्यायला हवी होती. पुढची ओळ होती : 'बाह्यचित्रीकरण : बहुधा राजस्थान.'

खुशालराव हसले नाहीत, हे त्यांच्या बाजूनं नमूद करतो. बाकी सगळे हसले. संध्याकाळी मी घरी पोहोचायच्या आत राजस्थान घरी पोहोचलं होतं. आईनं मला जेवायला वाढलं, पाठ केली आणि भिंतीकडे पाहून एवढंच बोलली, "पन्नास वर्षं झाले मी सांगून राहिली. त्या पुस्तकवाल्यानं मले इचारलं होतं का?"

या प्रश्नात दोष काढता येईना. मी अमरावतीला जायचं ठरवलं. पुस्तक बरोबर न्यायला हवं, तर पाटी आडवी आली. मग मी ग्रंथपालाच्या नावे रीतसर अर्ज केला, ग्रंथपाल या नात्यानं तो एकदा फेटाळला (पहिल्याच अर्जाला मंजुरी देणं बरं दिसत नाही) आणि दुसऱ्या अर्जावर 'विशेष बाब' म्हणून सही केली. आईच्या जुन्या लुगड्याच्या पिशवीत कोश घातला, अकोल्याला गाडी बदलली, मूर्तिजापूरच्या पुढे ती बंद पडली. खाली उतरून ढकलताना पिशवी कोणाजवळ द्यावी हे सुचेना, म्हणून कोश डोक्यावर ठेवून एका हातानं एसटी ढकलली. कंडक्टरनं विचारलं, काय, धर्मग्रंथ हाय का. मी म्हटलं, संदर्भग्रंथ. त्यानं हात जोडले.

अब्दुल रहीम म्हणजे टॉकीजमध्ये तीस वर्षं मशीन चालवलेला माणूस. सडपातळ, पांढरी दाढी, गळ्यात दोन चष्मे. त्यांच्या मुलीनं, नगमानं, दार उघडलं आणि कोश पाहून आतल्या खोलीकडे हाक मारली, की अब्बा, कोणीतरी वाचून आलं आहे. ते ऐकून म्हातारा इतक्या लगबगीनं बाहेर आला की मी कशासाठी आलोय ते सांगायला जीव होईना. चहा झाला, बिस्किटं झाली. बावीस वर्षं त्यांनी हे पुस्तक जमवलं होतं. रोजचा खेळ सुरू करून दिला की मशीनच्या खोलीत बसून नोंदी. कोणत्या गाण्यात कोणती साडी, कोणत्या शहरात पहिला खेळ कधी. चारशे बारा पानांत छपाईच्या पलीकडची चूक एकही नाही, असं ते म्हणाले. मग मी म्हटलं, एक आहे.

त्यांचा चेहरा असा उतरला म्हणून सांगू! मी राजस्थानपासून खारबर्डीपर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पोलिसासारखं विचारलं, "गवाह आहे?" मी म्हटलं, आई आहे. ते म्हणाले, मग आईला विचारावं लागेल, मुलाचं सांगणं चालत नाही. इतका अपमान आणि इतका आदर एका वाक्यात मला आजवर कोणी केला नव्हता.

पुढच्या आठवड्यात ते खरंच आले. अंगणात बाजेवर बसले, वही काढली आणि सलग दोन तास आईची उलटतपासणी घेतली. साल कोणतं? आई म्हणाली, सत्तावन्नचा उन्हाळा. आदल्या दसऱ्याला नागपुरात दीक्षा झाली, मग लगेच जो आला तो. पाणी कुठलं? तिनं सांगितलं, खारबर्डीच्या विहिरी खाऱ्या, आणि खाऱ्या असूनही त्यावर आपल्या लोकांना मनाई. म्हणून आपण नदीत झिरा खणायचो, वाळूत हातभर खड्डा, आणि मजा अशी की सगळ्या गावात गोड पाणी तेवढं आपल्याच झिऱ्याला. शूटिंगवाल्यांना पाटलानं विहिरीच्या पाण्याचं सरबत पाठवलं होतं. नटीनं ते ओठाला लावून बाजूला ठेवलं, आणि लंगडत येऊन झिऱ्यापाशी बसली. घागर तिथंच होती. आई तेव्हा बारा वर्षांची. तिनं सांगून टाकलं, की बाई, आमचं पाणी तुमाले चालत नाई.

"मंग?" रहीमभाईंनी विचारलं.

"मंग काय," आई म्हणाली. "तिनं ओंजळ धरली. म्हने, तू ओत. दोनदा पेली."

अब्दुल रहीम लिहीत होते. लिहिता लिहिता त्यांचा हात थांबला. त्यांनी विचारलं, लंगडत का आली होती? आई म्हणाली, डाव्या टाचेत बाभळीचा काटा होता, मीच काढला ना सेफ्टी पिनेनं. आत मोडला होता, अर्धा निघाला, अर्धा राहिला, म्हणून ती पुढं दोन दिवस डावा पाय टेकवत नव्हती.

मावशी, त्या माणसानं दोन्ही चष्मे काढले. त्या सिनेमाच्या तिसऱ्या गाण्यात नटी सगळं गाणं एका पायावर तोल देऊन, झाडाला धरून गाते. असं का, हे विचारायला त्यांनी मुंबईला चार जणांना पत्रं लिहिली होती. कोणी म्हणालं ती नवी अदा, कोणी म्हणालं दिग्दर्शकाची कल्पना. कोशात त्यांनी त्यापुढे प्रश्नचिन्ह टाकून जागा कोरी सोडली आहे. मी काढून दाखवली, पान दोनशे सोळा. रहीमभाईंनी एक चष्मा परत चढवून ती कोरी जागा पाहिली. मग म्हणाले, "सुंदराबाई, अठरा साल मी हे ढूंढत होतो. तेल्हाऱ्यात होतं." चहा गार झाला होता. आईनं तो काढून घेतला आणि नवा ठेवला. राग गेला याची तिची खूण तेवढीच.

त्यांनी खिशातलं पेन काढून वाचनालयाच्या प्रतीतच, त्याच पानावरचं 'बहुधा राजस्थान' खोडलं, वर 'खारबर्डी, ता. तेल्हारा, जि. अकोला' असं मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, कोऱ्या जागेत काट्याची आणि पाण्याची हकिगत टिपली, आणि खाली सही केली. (संदर्भग्रंथात लिहिण्यास मनाई आहे. लेखकाला ती लागू पडते का, याबद्दल नियम गप्प आहेत.)

आता कपाट कुठंही जात नाही. पान दोनशे सोळा पाहायला रोज माणसं येतात. खुशालराव आले, दोनदा वाचलं आणि म्हणाले, सरबत आमच्या काकानं पाठवलं होतं, तेही लिहिलं पाहिजे. आईला विचारलं तर ती तडकून म्हणाली, खरं हाय, लिहा. पेली नाई, तेही लिहा. पण मला सांगायचं आहे ते महादेवरावांचं. खारबर्डीचे म्हातारे शेतकरी, पायरीवरच्या आठदहांतले एक. त्यांनी पान हातात घेतलं, गावाच्या नावावर बोट ठेवलं आणि सावकाश वाचलं. मग मला म्हणाले, "गावाचं नाव आलं अन् कोनी मेलं नाई, असं लय दिवसांनी पाह्यलं, बाप्पा." खुशालराव बाजूलाच होते. गाईडांचा विषय त्यानंतर निघालेला नाही, आणि मीही तो काढला नाही.

मावशी, आईला वाचता येत नाही. पण चारशे बारा पानांच्या ग्रंथात जे कोणालाच माहीत नव्हतं ते तिला माहीत होतं, आणि आता ते ग्रंथालाही माहीत आहे. मी एवढा ताठ मानेनं कधी चाललो नव्हतो. परवा मान अवघडली.

सर्वांस जय भीम.
तुझा,
पिंटू

ता. क. : दुसरी आवृत्ती पुढच्या महिन्यात छापायला जाते आहे. रहीमभाईंचा नियम कडक आहे. एकच साक्षीदार असला तर नोंद मागच्या 'अपुष्ट माहिती'त जाते, मुख्य मजकुरात जायला दोन लागतात. त्यांनी आईला विचारलं, त्या वेळी झिऱ्यावर आणखी कोणी होतं का. आई म्हणाली, माही लहान बहीण होती, सहा वर्षांची, तिले सगळं आठवते. म्हणून हे पत्र. आपल्या रश्मीच्या लग्नात तू सगळ्यांसमोर म्हणालीस, ताईले कायबी आठवते, आणि लोक हसले, ते आईनं मला सांगितलेलं नाही. मी तिथं होतो. तू फक्त दोन ओळी लिही : मी होते, मी पाहिलं. इंग्रजीत नको, आईला वाचून दाखवायच्या आहेत.

ता. क. २ : पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, वच्छीवर जोर करू नको. तिच्याच शब्दांत पुढचं लिहितो, मला नीट समजलेलं नाही, तुला समजेल म्हणते : "तिले म्हना, बिनधास्त लिही. त्या दिशी तुह्या अंगावर कपडा नोयता अन् तू त्याच झिऱ्यात बसून होती, हे म्या पुस्तकवाल्याले सांगतलं नाई. पानी वरच्या झिऱ्याचं होतं, असं सांगतलं."