दोन बोटं माया

दि. ९ मार्च, सोमवार

प्रिय बटण,

अनेक आशीर्वाद.

तुझं आधीचं पत्र आणि त्यातला तो घडी घातलेला कागद जानेवारीच्या सुरुवातीलाच पोचला. आसनांची चित्रं बघून खूप हसले. माणसांची डोकी एवढी मोठी काढलीस की मला वाटलं, कंबर नाही, मानच आखडेल! पण कागद कपाटाच्या दारावर आतून चिकटवलाय. बाहेरून चिकटवला असता तर तुझ्या भाच्याने प्रत्येक डोक्याला मिशा काढल्या असत्या.

‘एकटी करू नकोस, आधी कुणाकडून तरी शिकून घे,’ असं तू खाली लिहिलं होतंस. त्याप्रमाणे वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये जाते, सकाळी सहा वाजता. शिकवणाऱ्या बाई निवृत्त नर्स आहेत. अंगाने माझ्या दुप्पट, पण वाकतात अशा की बघत राहावं. पहिल्याच दिवशी मी विचारलं, “बाई, किती दिवसांत जाईल हो दुखणं?” तर म्हणाल्या, “ते जाईल असं मी कुणालाच सांगत नाही. त्याच्याशी तुमचं चाललेलं भांडण मात्र कमी होईल.” मला राग आला. भांडण कमी करायला मी कशाला सहाला उठू? पण गेले दुसऱ्या दिवशीही.

आता दोन महिने झाले. कंबर दुखतेच. सकाळी मोजे घालताना अजून पलंगाचा कठडा धरावा लागतो. पण कटिंगच्या टेबलाशी पूर्वी अर्धा तास उभं राहवत नव्हतं, आता दीड तास राहते. दुखायला लागलं की दात आवळत नाही, श्वास सोडते. मार्जारासन बरं जमतं. तुझे भावोजी म्हणतात, “घरात मांजर आलं, आता दूध झाकून ठेवा.” हसू दे त्यांना. सकाळचा चहा मात्र हल्ली तेच करतात.

एक गंमत सांगते. परवा पुढे वाकताना बाई म्हणाल्या, “अगदी टोकापर्यंत जाऊ नका, थोडं राखून ठेवा.” मी सवयीने मोठ्याने बोलून गेले, “म्हणजे माया ठेवायची!” बाई एवढ्या खूश झाल्या. “बरोबर! शरीरावर माया ठेवायची!” सगळ्या बायका हो हो करायला लागल्या. त्यांना कसं सांगू, की मी शिवणीतल्या मायेबद्दल बोलत होते? आपण शिवणीच्या आत दोन बोटं जास्तीचं कापड ठेवतो, पुढेमागे अंगाला घट्ट झालं तर उसवून सैल करता यावं म्हणून, त्या मायेबद्दल. तुला मीच शिकवलं होतं ते. पहिल्या झग्याला तू माया ठेवली नव्हतीस, म्हणून चापट मारली होती.

त्या दिवशी शवासनात पडले आणि रडू आलं. कानात पाणी गेलं तरी थांबेना. बाईंना वाटलं कंबर धरली. मी म्हटलं, “हो, कंबरच.”

बटण, कंबर नव्हती गं.

आताच्या नव्या पत्रात तू लिहिलंयस की रविवारच्या गाडीने येतेस, महिनाभर राहतेस, मला उचलू-वाकू देणार नाहीस. ते वाचून चार दिवस झाले. ‘ये’ एवढं एका अक्षराचं उत्तर लिहायचं होतं, ते लिहवत नाही. आधी एक सांगायचंय. सहा वर्षं सांगायचंय.

आपण दोघी होतो त्या गणवेशाच्या कारखान्यात तुझी कंबर गेली, तेव्हा तू डॉक्टरांची चिठ्ठी देऊन मशीनवरून काज-बटणाच्या टेबलावर बदली मागितलीस. तुला वाटतं, मॅनेजरने चिठ्ठी मानली नाही. तसं नाही. त्यांनी चिठ्ठी ठेवून घेतली होती. मग मला बोलावून विचारलं, “तुमची बहीण आहे. खरं सांगा, एवढं दुखतंय का तिचं?”

त्या आठवड्यात मला हेड कटर करायचं चाललं होतं. घरच्यांची बाजू घेते असं कुणी म्हणू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी म्हणाले, “तिला लहानपणापासून कामाचा कंटाळा. दुखणं कसलं, नाटक आहे.”

सोमवारी तुला कामावर घेतलं नाही. तू घरी येऊन माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडलीस आणि मी तुझ्या कमरेवरून हात फिरवत बसले. नाटक म्हटलं होतं, त्याच कमरेवरून.

तेव्हा मला ते खरंच नाटक वाटत होतं, असंही सांगून सुटता येईल. पण थोडंच वाटत होतं. उरलेलं मला तसं वाटायला हवं होतं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात. माझं जळायला लागल्यावर मला कळलं, यात माझं कौतुक काही नाही. तू मात्र यातलं काही माहीत नसताना मला चित्रं काढून पाठवलीस.

कापडाला दोन बोटं माया ठेवणारी मी, तुझ्याबद्दल बोलताना एक बोटभरही ठेवली नाही. आता उसवून सैल करायला माझ्या बाजूला काही नाही. तुझ्या बाजूला असेल तर तुझं तू बघ. मी मागत नाही. खरं तर मागतेय, पण हक्काने नाही.

रविवारी गाडीच्या वेळेला मी स्टँडवर येईन. तिथल्या बाकावर बसवत नाही मला, म्हणून खांबाला टेकून उभी असेन. तू उतरलीस तर पिशवी मला उचलू देऊ नकोस. नाही उतरलीस तर चालत घरी जाईन आणि सोमवारी सहाला हॉलवर जाईन. तुझा कागद दारावरून काढणार नाही.

त्यावर सगळ्यात वर तू लिहिलंयस, ‘दुखलं की थांब.’ आज हे लिहिताना फार दुखलं, बटण. पण थांबले नाही.

तुला चालत असेल तर अजूनही,

तुझी ताई